२७ इंच की ३२? एका मुद्रितशोधक बाईंच्या मॉनिटरचं प्रकरण

वय एकसष्ट. काम मराठी पुस्तकांच्या मुद्रितशोधनाचं, सगळं घरून आणि संगणकावर. दोन्ही डोळ्यांत मॅक्युलाची (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, बारकावे त्यानेच दिसतात) वयानुसार होणारी झीज, कोरड्या प्रकारची. जोडीला मोतीबिंदूची सुरुवात. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी तूर्त लांबणीवर टाकलेली. चष्मा लावून उजव्या डोळ्याची दृष्टी ६/३६, डाव्याची ६/२४. म्हणजे निकोप डोळ्याला जे अक्षर २४ मीटरवरून ओळखू येतं, ते ओळखायला बाईंच्या डाव्या डोळ्याला ६ मीटरपर्यंत जवळ जावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी झाली की मध्यम दृष्टिदोष धरतात. हे प्रकरण त्यात बसतं.

समोर २४ इंची फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेलचा) मॉनिटर, आठ-नऊ वर्षांचा. दृष्टी कमी असलेल्या वाचकांना संगणक लावून देणं हे माझं काम, त्यामुळे बाईंचा प्रश्न थेट आला: ३२ इंची मॉनिटर घ्यावा, की भाचा म्हणतो तसा ४३ इंची टीव्हीच टेबलावर ठेवावा?

मी उलट विचारलं, नेमकं काय दिसत नाही? यावर बहुतेक लोक "सगळंच बारीक दिसतं" म्हणतात. बाईंचं उत्तर मुद्रितशोधकाचं होतं. "घ आणि ध. भ आणि म. थ आणि य. अनुस्वार आहे की स्क्रीनवरचा डाग आहे तेही कळत नाही. अहो, मजकूर कळतो मला, पण माझं काम मजकूर कळण्याचं नाही ना!"

या उत्तराने प्रकरणाची दिशा ठरली. सामान्य वाचक अर्ध्या अक्षरावरून शब्द ओळखतो आणि पुढे जातो. संदर्भ त्याला सांभाळून घेतो. मुद्रितशोधकाला तसं करताच येत नाही. 'धर' छापलंय की 'घर' हे वाक्यावरून ओळखलं तर चूक सुटलीच म्हणून समजा. त्यात देवनागरीचा पसारा उभा: शिरोरेषेवर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, हलन्त. ओळखीची खूण मूळ अक्षराच्या मानाने फार लहान असते. म्हणून इंग्रजी मजकुराला पुरणारा आकार इथे अपुरा पडतो, हे मी आधीच धरून चालतो.

मॉनिटरकडे वळण्याआधी एक गोष्ट मात्र थांबवून ठेवावी लागली. बोलता बोलता बाई म्हणाल्या, हल्ली ओळीच्या मध्येच शिरोरेषा दबल्यासारखी वाटते. मॅक्युलाच्या रुग्णांना अ‍ॅम्सलर ग्रिडचा चौकटींचा कागद देतात तो याचसाठी: सरळ रेषा वाकडी किंवा लाटेसारखी दिसू लागली तर कोरडा प्रकार ओल्या प्रकाराकडे (ज्यात पडद्यात पाणी साठतं) चालल्याची ती खूण असू शकते, आणि ओल्या प्रकारात उशीर महागात पडतो. देवनागरीत वाचणाऱ्याच्या समोर तर दिवसभर आडव्या रेषाच असतात. मी बाईंना एकेक डोळा झाकून तीच ओळ पाहायला सांगितली, मग मजकुराची खिडकी स्क्रीनवर दुसरीकडे सरकवली. दबका भाग खिडकीबरोबर सरकला नाही आणि स्क्रीनच्या एका जागी अडकूनही बसला नाही. नजर जिकडे वळेल तिकडे तो गेला. म्हणजे दोष मॉनिटरचा नव्हता. खरेदी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे. तिथे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा ओसीटी स्कॅन (पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) झाला, पाणी साठलेलं नव्हतं, बदल जुन्याच झिजेचे होते. मग आम्ही पुढे सरकलो. हे इतकं सविस्तर लिहिलं कारण "स्क्रीन वाकडी दिसते" म्हणून नवा मॉनिटर घेणारे लोक मी पाहिले आहेत.

आता मोजमाप. लागतं काय, तर एक साधी फूटपट्टी. स्क्रीनवर १६ पिक्सेलचा मजकूर, स्केल (मजकूर आणि बटणं किती मोठी दाखवायची ते ठरवणारं विंडोजचं सेटिंग) १०० टक्के, आणि मोजायची ती मूळ अक्षराची उंची, शिरोरेषेपासून तळापर्यंत, मात्रा-उकार सोडून. बाईंच्या मॉनिटरवर ती भरली सुमारे अडीच मिलिमीटर.

आणि हवी किती? दृष्टी मोजताना ६/६ च्या अक्षराची उंची डोळ्याशी ५ कलांचा कोन करते (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). ६/२४ साठी तोच कोन २० कलांचा. ६० सेंटिमीटरवर २० कला म्हणजे साडेतीन मिलिमीटर. पण हा झाला उंबरठा. या आकाराचं अक्षर डोळे ताणून, एकेक करून ओळखता येतं, तासन्‌तास वाचता येत नाही. सलग वाचनासाठी उंबरठ्याच्या निदान दुप्पट आकार धरावा लागतो, काहींना तिप्पटही. दुप्पट धरला तरी ६० सेंटिमीटरवर ७ मिलिमीटर झाले. समोर होते अडीच. बाई २५ सेंटिमीटरपर्यंत वाकून काम करत होत्या, त्याचा उलगडा इथे झाला. मान आणि पाठ यांची तक्रार तर त्यांनी सांगितलीही नव्हती. वयाची म्हणून सोडून दिली होती.

मग इंच वाढवल्याने अक्षर किती वाढतं? लोकांचा सगळा भर याच्यावर असतो आणि फसगतही इथेच होते. अक्षर किती पिक्सेलचं ते संगणक ठरवतो. तो पिक्सेल केवढा ते मॉनिटर ठरवतो. २४ इंची फुल एचडीवर पिक्सेल ०.२७७ मिलिमीटरचा. २७ इंची फुल एचडीवर ०.३११, म्हणजे अडीचचं अक्षर फक्त २.८ होतं. ३२ इंची फुल एचडीवर ते ३.३ पर्यंत जातं. २७ इंची क्यूएचडी (२५६० बाय १४४०) घेतला तर पिक्सेल ०.२३३ चा, आणि अक्षर चक्क लहान होऊन २.१ वर येतं! भाच्याच्या ४३ इंची ४के (३८४० बाय २१६०) टीव्हीवर, तेवढ्या अवाढव्य काचेवर, १०० टक्के स्केलला अक्षर सव्वादोनच्या आसपास. बाईंच्या जुन्या मॉनिटरपेक्षा बारीक. अर्थात स्केल वाढवून हे सगळं बदलतं. पण मग अक्षर मोठं करतं ते स्केल. मोठी काच त्या मोठ्या झालेल्या अक्षरांना जागा देते, इतकंच तिचं काम.

जुन्या मॉनिटरवर बाईंनी स्वतःच एक उपाय करून पाहिला होता: रिझोल्यूशन उतरवून १२८० बाय ७२०. अक्षरं दीडपट झाली खरी, पण कडा धुरकट. एका पिक्सेलचं काम दीड पिक्सेलावर पसरलं की मॉनिटर मधल्या छटा भरतो, आणि ध चं ते छोटं वळण नेमकं त्या छटांत हरवतं. रिझोल्यूशन मॉनिटरचं जे मूळ असेल तेच ठेवायचं आणि वाढवायचं ते स्केल, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

अक्षर डोळ्याला मोठं दिसण्याचा दुसरा रस्ता म्हणजे स्क्रीन जवळ आणणं. अंतर निम्मं केलं की प्रतिमा दुप्पट, विनामूल्य. ४० सेंटिमीटरवर बाईंना ७ ऐवजी ४.७ मिलिमीटरचं अक्षर पुरत होतं. अडचण चष्म्याची होती. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात (एकाच काचेत दूरचा ते जवळचा नंबर) जवळचं दिसण्याची जागा काचेच्या खालच्या भागात असते. पुस्तकासाठी ती बरोबर, कारण नजर खाली जाते. स्क्रीन समोर उभी असली की हनुवटी वर करून काचेच्या तळातून बघावं लागतं, आणि तिथेही स्पष्ट पट्टा अरुंद. बाई मान मागे टाकून कंबरेतून पुढे झुकत होत्या. नेत्रतपासनीसांकडे मोजलेलं अंतर लिहून पाठवलं: स्क्रीन ४० सेंटिमीटरवर, डोळ्यांच्या सरळ रेषेच्या किंचित खाली. त्यांनी फक्त त्या अंतराचा, एकाच नंबरचा चष्मा दिला, दूरच्या नंबरात अडीचची भर घालून. हा हिशेब सोपा आहे: १०० ला अंतराच्या सेंटिमीटरने भागा. ४० ला अडीच, ५० ला दोन. तपासणीला जाताना स्वतःचं अंतर मोजून न्यावं, नाहीतर पुस्तक धरण्याचं अंतर गृहीत धरलं जातं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी खर्च हा चष्म्याचाच. मॉनिटरचा नंबर त्यानंतर.

अंतर ठरल्यावर आकार आपोआप आवाक्यात आला. स्क्रीनच्या मापाचे पुठ्ठे कापून ते ४० सेंटिमीटरवर उभे केले आणि त्यांवर मोठ्या टायपात छापलेली पानं चिकटवली. दुकानात चार पावलं मागे उभं राहून मॉनिटर बघण्यापेक्षा हे कितीतरी खरं. ३२ इंची जवळजवळ ७१ सेंटिमीटर रुंद असतो; मध्यावर ४० सेंटिमीटर असलं तरी कडा ५३ वर जातात. चष्मा ४० चा, आणि कडेचं अक्षर तिरकंही दिसतं, लांबही. बाईंची मान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरू लागली. २७ इंची ६० सेंटिमीटर रुंद, कडा ५० वर. ते चालण्यासारखं होतं. बाईंचं काम म्हणजे डावीकडे स्कॅन केलेलं मूळ पान आणि उजवीकडे जुळवलेला मजकूर. छापील पानावरची दहा सेंटिमीटरची ओळ दुप्पट केली की वीस होते. ६० च्या निम्म्यात, म्हणजे तिसात, ती बसते आणि कडेला पानांची पट्टीही राहते. २४ इंचीवर निम्मे म्हणजे साडेसव्वीस. ओळ बसते, पण पट्टी आली की गळा आवळल्यासारखं होतं.

४३ इंची टीव्हीचा पर्याय मी हसण्यावारी नेला नाही. ६० सेंटिमीटरवर ठेवलेला ४३ इंची आणि ४० सेंटिमीटरवर ठेवलेला २८-२९ इंची डोळ्याच्या हिशेबाने जवळपास सारखेच. ज्यांना पुढे सरकून बसणं जमत नाही त्यांच्यासाठी तो रास्त मार्ग आहे. भाच्याच्या घरी त्याच्याच टीव्हीवर बाईंनी काम करून पाहिलं. काळी अक्षरं ठीक होती, पण दुरुस्त्यांची लाल अक्षरं आणि खोडल्याच्या लाल रेघा ओघळल्यासारख्या. बरेच टीव्ही रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने दाखवतात. चित्रपटात ते कळत नाही. पांढऱ्यावरच्या लाल अक्षरात लगेच कळतं. इनपुटला 'पीसी' हे नाव दिल्यावर आणि शार्पनेस खाली आणल्यावर ते पुष्कळ सुधारलं. नडली ती उंची. स्क्रीन साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच, खाली स्टँड. वरच्या ओळींसाठी पुन्हा हनुवटी वर. शिवाय एवढ्या मोठ्या पांढऱ्या पानाचा उजेड मोतीबिंदूच्या डोळ्यात नुसता पसरत होता. "अरे, हा दिवा आहे की पडदा?" असं त्या भाच्याला म्हणाल्या आणि तो विषय संपला.

राहिला प्रश्न २७ इंचीत रिझोल्यूशन कोणतं याचा. सगळे ४के सुचवत होते. माझं मत वेगळं पडलं. ६/२४ च्या डोळ्याला ४० सेंटिमीटरवर जो सगळ्यात बारीक तपशील सुटा दिसू शकतो तो सुमारे ०.४७ मिलिमीटरचा. क्यूएचडीचा पिक्सेल त्याच्याही निम्मा आहे. ४.७ मिलिमीटरच्या अक्षराला क्यूएचडीवर उभे २० पिक्सेल मिळतात. रफार, अनुस्वार, ध चं वळण तेवढ्यात नीट उमटतं. ४के ते तीसवर नेईल, पण ते जास्तीचे दहा बाईंच्या डोळ्यापर्यंत पोचणार नाहीत. मग फुल एचडी का नको? तिथे अक्षराला पंधराच पिक्सेल, आणि एक शक्यता हिशेबात धरायची होती: मोतीबिंदू काढल्यावर दृष्टी थोडी सुधारली तर तो खडबडीतपणा जाणवला असता. म्हणून क्यूएचडी. निकोप डोळ्याच्या माणसाला मी हा सल्ला देणार नाही. त्याला ४के चा फरक दिसतो आणि सुखावतो.

पॅनेलच्या बाबतीत जाहिरातीतला कॉन्ट्रास्ट मी फारसा मोजला नाही. आयपीएस आणि व्हीए हे पॅनेलचे दोन प्रकार: आयपीएसचा साधारण १००० ला १, व्हीएचा ३००० ला १. खोलीत दिवा लागला की स्क्रीनवर पडणाऱ्या उजेडाने काळा रंग राखाडी होतो आणि दोघांतला हा फरक बहुतेक पुसला जातो. उलट इतक्या जवळून व्हीएच्या कडा तिरक्या नजरेने पाहिल्या जातात आणि तिथल्या छटा बदलतात. म्हणून आयपीएस. ओएलईडी या तिसऱ्या प्रकारात काळा खरा काळा असतो, पण अनेक मॉडेलांत उपपिक्सेलांची (एका पिक्सेलमधल्या रंगीत ठिपक्यांची) मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असल्याने अक्षरांच्या कडांना रंगीत किनार दिसते. मुद्रितशोधनाला ते नको. वक्र स्क्रीन तर मॅक्युलाच्या रुग्णाला मी सुचवतच नाही: ज्याला रोज शिरोरेषा सरळ दिसते का हे पाहायचं आहे, त्याच्यासमोर मुळातच वाकलेली रेषा कशाला? पृष्ठभाग मॅट. 'आय-केअर'चे शिक्के, निळ्या प्रकाशाची गाळणी वगैरे निवडीत धरलं नाही. फक्त उजेड कमी केल्यावर पॅनेल लुकलुकत नाही ना, एवढं पाहिलं.

खरा पेच आर्मचा. ४० सेंटिमीटरवर स्क्रीन आणायची तर कंपनीच्या स्टँडचा पाय कीबोर्डच्या जागेत येतो. म्हणून टेबलाच्या कडेला आवळायचा हलता आर्म. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीला व्हेसा नावाच्या ठरीव मापाची, १०० बाय १०० मिलिमीटरची भोकं हवीत (काही सडपातळ मॉडेलांना ती नसतात, निवडीतलं एक मॉडेल एवढ्यावरच बाद झालं), आर्मला वजन पेलायला हवं, आणि टेबलाची फळी आवळण सहन करील अशी हवी. आता स्क्रीन कीबोर्डच्या मागच्या ओळीवर तरंगते. फोनवर बोलताना बाई ती हाताने मागे ढकलतात, बारीक तळटीप आली की ओढून घेतात. टेबलही फिरवून घेतलं. आधी खिडकी पाठीशी होती आणि तिचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडायचं. समोर ठेवली असती तर बाहेरचा उजेड डोळ्यात गेला असता. आता ती डाव्या हाताला आहे.

विंडोजमध्ये स्केल १५० टक्के ठेवलं. ४.७ मिलिमीटरचं अक्षर निव्वळ स्केलवर आणायचं तर २२५ टक्के लागलं असतं. मग मेन्यू आणि पट्ट्याच निम्मी स्क्रीन खातात. मेन्यू क्षणभर बघायचा असतो, त्याला तीन-सव्वातीन मिलिमीटर चालतात. उरलेली वाढ मजकुराच्या झूममध्ये, आणखी १५० टक्के. माउसचा बाण मोठा आणि पिवळा केला. मजकुरातल्या उभ्या कर्सरला रंगीत खुणा लावण्याची सोय सुलभतेच्या सेटिंगमध्ये असते, तीही लावली. कर्सर शोधण्यात किती वेळ जातो ते दृष्टी कमी झाल्याशिवाय कळत नाही.

फॉन्टवर थोडी घासाघीस झाली. बारीक-जाड रेघांचा फॉन्ट छपाईत देखणा, पण कमी कॉन्ट्रास्ट दिसणाऱ्या डोळ्याला त्याच्या बारीक रेघा नाहीशा होतात. तपासणीपुरता मजकूर मुक्ता फॉन्टच्या मध्यम जाडीत, ओळींमधलं अंतर वाढवून. शेवटचा हात फिरवताना पुस्तकाचा मूळ फॉन्ट. रंगांचं मात्र माझ्या अंदाजापेक्षा वेगळं ठरलं. मोतीबिंदूमुळे काळ्यावर पांढरं आवडेल असं मला वाटलं होतं. बाईंना त्यात अनुस्वार फुगून शेजारच्या वेलांटीला चिकटलेला दिसे. शेवटी फिकट करड्या-पिवळसर पार्श्वभूमीवर काळी अक्षरं, आणि स्क्रीनचा उजेड खोलीतल्या कागदाच्या उजेडाइतका. रात्री त्या उलटे रंग लावतात, पण तेव्हा पत्रव्यवहार करतात, शोधन नाही.

अक्षरांच्या जोड्यांवर आम्ही आधी-नंतर चाचणी घेतली. घर-धर, भरण-मरण, वाट-बाट असे शब्द संदर्भाशिवाय एकाखाली एक, मधूनमधून अनुस्वार गाळलेले. जुन्या मॉनिटरवर पाठ टेकून बसल्यावर बाई अंदाज बांधत होत्या. नव्या मांडणीत जोड्या ठाम सांगितल्या; अडल्या त्या जोडाक्षरांवर, विशेषतः द्ध आणि द्घ. त्यासाठी विंडोज आणि अधिक ही कळ दाबून भिंग उघडतात, पाहतात, विंडोज आणि एस्केपने बंद करतात.

एक गाठ अजून सुटलेली नाही. बाईंकडे पानं जुळवण्याचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. ते स्केल मानतच नाही, त्याच्या खिडकीतली बटणं क्यूएचडीवर आणखी बारीक झाली. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली स्केलिंगचं काम विंडोजकडे सोपवता येतं, तसं केलं. बटणं मोठी झाली, पण मजकूर धुरकट झाला, आणि पुन्हा ध चं वळण गेलं. तूर्त त्या सॉफ्टवेअरमधली पानं पीडीएफ करून बाहेर काढायची आणि तिथे तपासायची, असं चाललं आहे. मोतीबिंदूची तारीख ठरली की चष्म्याचा नंबर बदलेल, अंतर पुन्हा मोजावं लागेल. आर्म तेवढा मागे सरकतो, हे आधीच पाहून ठेवलं आहे.